जुनी वही, नवे रकाने

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीच्या एका गुरुजींनी मागे मला विचारले, "सर, शाळेच्या ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर घेतल्या. आता प्रोग्रामची नवी आवृत्ती टाका म्हणतात. जुन्या नोंदी राहतील ना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, बरं का! आमच्या महाविद्यालयात पूर्वी दुसराच एक प्रोग्राम होता. तो बदलताना बाहेरून आलेला माणूस कागद समोर ठेवून एकेक आज्ञा हाताने देत बसला. एक ओळ सुटली. दुसऱ्या दिवशी पुस्तकांची नावे होती, वाचकांची होती. पण कोणते पुस्तक कोणाकडे, हे सांगता येईना. मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही पुस्तके परत घेतली.

असे का होते? प्रोग्राम वेगळा आणि त्याची वही, म्हणजे डेटाबेस, वेगळी. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर घ्या. त्यात आईच्या नावाचा रकाना वाढवायचा, तर कोरे रजिस्टर आणून भागत नाही. जुनी सारी नावे जागच्या जागी राहिली पाहिजेत. नवा प्रोग्राम नवे रकाने शोधतो, वही मात्र जुनीच असते.

हे काम आता यंत्रावर सोपवता येते. गुरुजींकडे 'कोहा' होता. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांत २००० च्या जानेवारीत तो सुरू झाला. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आणि मिळतोही विनामूल्य. डेबियन प्रणालीवर त्याचे नवे पॅकेज बसवले, की शेवटी एक आज्ञावली आपोआप चालते. आपण कितव्या आवृत्तीचे आहोत, हे वहीतच लिहिलेले असते. आज्ञावली तो आकडा वाचते, तिथून पुढचे बदल क्रमाने करते आणि आकडा पुढे सरकवीत जाते. त्यामुळे मधल्या दोन-तीन आवृत्त्या राहून गेल्या असल्या, तरी एकही पायरी सुटत नाही. दोनदाही होत नाही. डेबियनमधल्या इतर काही प्रोग्रामांसाठी 'डीबीकॉन्फिग-कॉमन' नावाचे साधन आहे. ते तर बदलाआधी वहीची नक्कल काढून ठेवते, आणि काही अडले तर पुन्हा प्रयत्न करू का, असे विचारते.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. कोहाची वही बहुधा मारियाडीबीत असते. तिथे रकाना वाढवण्याची आज्ञा एकदा पार पडली, की ती आपोआप मागे फिरत नाही. मध्येच वीज गेली, तर वही अर्धी जुनी, अर्धी नवी! आणि आपल्याकडची वीज, काय सांगावे?

म्हणून मी म्हटले, "गुरुजी, आधी पूर्ण नक्कल काढून पेनड्राइव्हवर घ्या. ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, तेही पाहा. इन्व्हर्टर भरलेला असू द्या. मग सुरू करा."

त्यांनी रविवार निवडला. दुपारी फोन आला. सातवीतल्या एका मुलीने आठवड्यापूर्वी नेलेले पुस्तक त्यांनी मुद्दाम शोधून पाहिले होते. ते अजून तिच्याच नावावर होते.