आधी कोणते काम?



माणसाला तीन बाजूंनी हाका येतात. एक देवाची हाक, दुसरी घरची हाक, तिसरी कामाची हाक. एकेक हाक आली तर ओ देता येते. पण कधी कधी तिन्ही हाका एकदमच येतात. मग माणूस गोंधळतो. आधी कोणीकडे जावे? आज आपण याच गोष्टीचा विचार करू.

उदाहरण आपल्या ओळखीचेच घेऊ. आषाढीची वारी. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघते. सुमारे तीन आठवडे चालून पालख्या पंढरपूरला पोचतात. ज्याच्या घराण्यात वारी आहे, त्याचे पाय ज्येष्ठ महिना सरत आला की घरात ठरत नाहीत. आणि नेमका तोच काळ पेरणीचा. शाळाही तेव्हाच उघडते.

बरे, दर वर्षी सारखेच घडते असेही नाही. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते. कारण पावसाची नक्षत्रे सूर्यावरून धरतात. एकादशी मात्र चंद्राच्या तिथीवरून येते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. २०२४ साली ती १७ जुलैला आली. एका वर्षात अठरा दिवसांचा फरक पडला. आणि पाऊस? तो तर सूर्याचेही ऐकत नाही आणि चंद्राचेही ऐकत नाही. कृषी खाते सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. तेवढा पाऊस कधी जूनमध्ये होतो, कधी जुलै उजाडतो. म्हणून गेल्या वर्षी जे जमले, ते यंदा जमेलच असे नाही. दर वर्षी नव्याने विचार करावा लागतो.

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेचा हजेरीपट म्हणजे गावाचा आरसा. कोणत्या घरात काय चालले आहे, ते त्यात दिसते. एका वर्षी सातवीतली एक हुशार मुलगी अकरा दिवस शाळेत आली नाही. आम्ही तिच्या घरी गेलो. मुलगी ओसरीवर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. आई शेतावर होती. वडील वारीला गेले होते.

वडील माणूस सज्जन. सुपारीचेही व्यसन नाही. वारी त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. पण त्या वर्षी पाऊस उशिरा झाला. ते वाटेत असताना इकडे वाफसा आला. बियाणे घरात होते. ट्रॅक्टरवाल्याला द्यायला पैसे मात्र नव्हते. पैसे बँकेत, आणि खाते एकट्या नवऱ्याच्या नावाचे. बाईने चार घरी फिरून उसने पैसे आणले. त्यात चार दिवस गेले. तोवर कडक ऊन पडले आणि वरची ओल उडाली. बाजरी विरळ उगवली. वर्षभर घराची ओढाताण झाली.

वारीहून आल्यावर ते गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, आता काय करू? बापाने घालून दिलेला नेम मोडू का?"

आम्ही म्हणालो, "नेम मोडू नका. पण आधी पुंडलिकाची गोष्ट आठवा."

ती गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. प्रत्यक्ष देव दारात आला. पुंडलिक उठला नाही. त्याने एक वीट पुढे सरकवली आणि सांगितले, देवा, हातातले काम होईपर्यंत यावर उभा राहा. देव रागावला का? नाही. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभा आहे. ज्याच्या दर्शनाला आपण धावतो, तो देव थांबणारा आहे. वाफसा थांबत नाही. तापाने फणफणलेले मूल थांबत नाही. मुलीचे शाळेचे वर्ष थांबत नाही.

सावता माळी यांचेही असेच. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात अरण हे त्यांचे गाव. पंढरपूर तेथून काही लांब नाही. पण सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे सांगतात. मोटेचे पाणी पाजता पाजता, भाजी खुडता खुडता ते देवाचे नाव घेत. शेवटी देवच त्यांच्या मळ्यात आला, अशी कथा आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात. अरणला मात्र पांडुरंगाचीच पालखी भेटीला येते, अशी रीत आहे. आपल्या लोकांनी ही रीत उगाच जपली नाही. घाम गाळणाऱ्याचा देवावर हक्क कमी नाही, हे त्यातून सांगितले आहे.

शिवाय वाऱ्या एकूण चार आहेत. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. चैत्रात बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांची रबी निघालेली असते. हात मोकळे असतात. ज्याला आषाढी जमत नाही, त्याने चैत्री करावी. देव तोच, चंद्रभागा तीच, आणि दर्शनाला गर्दीही कमी.

आता कोणी म्हणेल, "वा! गुरुजींनीच सांगितले, काम आधी. आता देवाचे नाव काढायला नको." नाही हो! तसेही नाही. दुसऱ्या एका घराची गोष्ट ऐका.

एका गृहस्थाने दोन म्हशींवर दुधाचा धंदा सुरू केला. माणूस मेहनती. पहाटे चारला उठायचा, रात्री दहाला पाठ टेकायचा. दोनाच्या बारा म्हशी झाल्या. त्याच्या म्हाताऱ्या आईची एकच इच्छा होती. एकदा मुलाबरोबर पंढरपूर पाहावे. पंढरपूर एस.टी.ने चार तासांवर. २०२२ सालापासून तर पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला राज्यात एस.टी.चे तिकीटही पडत नाही. आई म्हणे, "बाबा, यंदा जाऊ या." मुलगा म्हणे, "म्हशींचे कोण पाहील? पुढच्या वर्षी जाऊ." अशी पाच वर्षे गेली. सहाव्या वर्षी पौष महिन्यात म्हातारी वारली.

तो गृहस्थ एकदा आम्हाला म्हणाला, "गुरुजी, दोन दिवस शेजाऱ्याने धारा काढल्या असत्या. पण मी त्याला कधी विचारलेच नाही."

पाहा, देव थांबतो. पण आईचे वय थांबत नाही. पहिल्या घरी देवापायी काम राहिले. दुसऱ्या घरी कामापायी देव राहिला आणि आईही राहिली. दोन्ही माणसे चांगली. दोघेही कष्टाळू. चूक एकच झाली. दोघांनी घरात बसून विचार केला नाही.

म्हणून हाका एकदम आल्या की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: हे काम आज राहिले तर पुन्हा करता येईल का? येत नसेल तर ते आधी.

दुसरा प्रश्न: हे काम माझ्याऐवजी दुसरा कोणी करील का? धार शेजारी काढील. पेरणी भाऊबंद करतील, आपण त्यांची करू. पण आईला हात धरून देवळात नेणे, मुलाच्या उशाशी बसणे, ही कामे दुसऱ्यावर सोपवून चालत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा: माझ्या जाण्याचे किंवा न जाण्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर पडणार आहे? बापाचा नेम चालावा म्हणून मुलीची शाळा बुडत असेल, तर तो नेम मुलीच्या जिवावर चालला. ज्याच्या डोक्यावर ओझे पडते, त्याला आधी विचारले पाहिजे. घरच्या बाईला विचारले पाहिजे. मुलांना विचारले पाहिजे.

हे तीन प्रश्न कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहेत. कोणी उरुसाला जातो, कोणी विहारात जातो, कोणी चर्चमध्ये जातो. हिशेब सर्वांना सारखाच.

आणखी एक गोष्ट. देवाच्या नावावर कर्ज काढू नये. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हेच जन्मभर सांगितले. पंढरपुरात त्यांनी गरीब वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. म्हणजे वारकऱ्यांवर त्यांची माया होतीच. पण कीर्तनात ते बजावून सांगत, ऋण काढून सण करू नका, मुलांना शाळेत घाला.

त्या पहिल्या घरी पुढे काय झाले, ते सांगतो. नवराबायको एका रात्री कंदिलासारखी मंद वीज होती तशात वही घेऊन बसली. मुलीने लिहून घेतले. खाते दोघांच्या नावाचे करायचे. शेजारच्या दोन घरांशी पेरणीची सावड ठरवायची. पेरणी आधी झाली तर आषाढीला पायी जायचे. झाली नाही तर एकादशीला घरीच भजन करायचे, आणि चैत्रीला दोघांनी मिळून जायचे. पुढच्या वर्षी पेरणी लांबली. ते घरी राहिले. चैत्रात बायकोने आयुष्यात पहिल्यांदा पंढरपूर पाहिले. इतकी वर्षे वारी त्या घरात होती, पण तिच्या वाट्याला ती आलीच नव्हती. मुलीची हजेरी त्या वर्षी पुरी भरली.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. आज रात्री वहीचे एक पान घ्या. येत्या वर्षातली देवाची, घरची आणि शेतीची मोठी कामे त्यावर लिहा. प्रत्येक कामापुढे 'थांबेल' किंवा 'थांबणार नाही' असे लिहा. मग ते पान एकट्याने वाचू नका. घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांचे म्हणणे ऐका.

एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो. रामराम.