झडप बदलल्यानंतर

(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. २००४ साली माझ्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आणि तेव्हापासून मी तिच्यासोबत राहते आहे, एवढीच माझी पात्रता. रात्री घर शांत झालं की ती टिकटिक वाजते. शेजारी झोपणाऱ्यालाही ऐकू येते.

हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो पोट सुटलेला, पन्नाशीचा पुरुष. माझा आजार त्यातला नाही. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात. एक सांधा उतरला की दुसरा धरतो. मग सगळं थांबतं आणि घरातले विसरून जातात. डॉक्टर याला ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. तो बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या मुलांना होतो, आणि एका खोलीत आठ माणसं झोपतात अशा घरांत जास्त होतो. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर आपल्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं. वर्षानुवर्षं झडप जाड होत जाते, चिकटते. फुप्फुसातून येणारं रक्त पुढे सरकत नाही आणि धाप लागते.

हा आजार बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि अनेकींना तो पहिल्यांदा कळतो तो गरोदरपणात. कारण त्या काळात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि अरुंद झडपेला ते पेलत नाही. मला सातव्या महिन्यात आडवं होता येईना. भिंतीला टेकून रात्र काढायची. घरात ते पहिलटकरणीचे लाड ठरले. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी छातीला नळीसुद्धा न लावता रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. "बायकांना दम लागतोच" हे वाक्य मी तेव्हापासून इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की ते एखाद्या आजाराचं नाव असावं असं वाटतं.

खरं म्हणजे हे वेळीच रोखता येतं. सांधे धरल्यावर निदान झालं तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं लांब मुदतीचं इंजेक्शन, तेही कित्येक वर्षं. औषध जुनं आणि स्वस्त आहे. पण मुलगी वयात आली की इंजेक्शनं बंद होतात. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात नेलं तर गावात बोभाटा होईल, मग स्थळ कोण आणणार? मुलीचं दुखणं लपवून तिला उजवायचं, आणि ते उघडं पडलं की फसवलं म्हणून तिलाच माहेरी पाठवायचं. मुलाच्या बाबतीत असं झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एकेकाळी अशा झडपा परदेशातूनच येत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली. हे मोठंच काम झालं. पण झडप एकदाच बसते, गोळी रोज लागते.

रक्त पातळ ठेवणारी ही गोळी जन्मभर घ्यायची. ती बरोबर चालली आहे का हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीवरून कळतं. माझ्यासारख्या मायट्रल झडपेला तो आकडा साधारण २.५ ते ३.५ असावा लागतो. कमी झाला तर झडपेवर गुठळी धरते, झडप अडकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांग होतो. वाढला तर रक्तस्राव. पालेभाजीने हा आकडा खाली येतो, म्हणून काहीजणींना पालेभाजी बंदच करायला सांगतात. बंद करू नका, रोज सारख्या मापाने खा. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. आणि तपासणी नको, ही नवी गोळी घ्या असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. अशा एका नव्या गोळीची यांत्रिक झडपेच्या रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे २०१२ मध्ये थांबवावी लागली होती.

पाळीत किती रक्त जाईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दर महिन्याला आठ-आठ दिवस. हृदयाच्या डॉक्टरांनी ते कधी विचारलं नाही, मीही लाजेने बोलत नव्हते. शेवटी दवाखान्यातल्या एका परिचारिकेने विचारलं.

आता पैशाचं. ऑपरेशन सरकारी योजनेतून होऊ शकतं. पण आयएनआरसाठी जिल्ह्याच्या गावी जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. घरात ओढ आली की पहिली थांबते ती सुनेची तपासणी. नवऱ्याची ब्लडप्रेशरची गोळी थांबलेली मला आठवत नाही.

मला एक मुलगी. तिच्यानंतर "एक मुलगा होऊ दे" सुरू झालं. ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला इजा करू शकते. ती सोडली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. म्हणून दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून इंजेक्शनांची, मोठ्या दवाखान्याची आखणी करावी लागते. एवढी जोखीम घ्यायची की नाही हे जिच्या छातीत झडप आहे तिने ठरवायचं. मी नाही म्हटलं. तेव्हा सगळे म्हणाले, मग तूच ऑपरेशन करून घे, एवढं मोठं झालंच आहे, त्यात हे एक. पुरुषाची नसबंदी जागा बधिर करून थोड्या वेळात होते, आणि इथे रक्त न थांबणाऱ्या बाईचं पोट उघडायला सगळे तयार! दोन वर्षं भांडले. नवऱ्याने नसबंदी करून घेतली. सासूबाई अजून ते कुणाला सांगत नाहीत.

गटांकडे माझं मागणं आहे. घरोघर पाहणी कराल तेव्हा चुलीपाण्याबरोबर हेही विचारा: लहानपणी सांधे सुजले होते का, जिना चढताना थांबावं लागतं का, रात्री उशा लावून बसावं लागतं का. 'हो' म्हणणारीला घेऊन स्वतः जा आणि छाती तपासल्याशिवाय परत येऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे का आणि ग्रामीण रुग्णालयात आयएनआर होतो का, हे लेखी विचारा.

चहानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. माझी आयएनआरची वही आणली आहे, जिला बघायची असेल तिने यावं.