कागद जागच्या जागी

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा, पण गावच्या महसुली दप्तराची रीत जुनीच.

प्रत्येक नमुन्याला एक आकडा, एक काम. जमीन कोणाची? नमुना ७ पाहा. पीक कोणते? नमुना १२. दोन्ही मिळून सातबारा.

वडील वारले, तर वारसांची नावे आधी ६-क मध्ये, मग नमुना ६ म्हणजे फेरफारात येतात. तेव्हा कुठं सातबारा बदलतो. एक पायरी चुकली, तर शेत वडिलांच्याच नावावर राहतं अन् पेरणीच्या तोंडावर कर्ज अडतं.

पंचायतीत, सोसायटीत आपणही अशीच शिस्त पाळू. कागदाच्या माथ्यावर विषय अन् तारीख घालू. एका विषयाचे कागद एकत्र बांधू. नव्यानं वाचायला शिकलेल्यालाही हवा तो कागद सापडला पाहिजे.