लाच, विलंब आणि समृद्धी

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने सुमारे तीस किलोमीटर अंतर कापले की इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. आज ते ओळखले जाते ते तामिळनाडू शासनाच्या सिपकॉट महामंडळाने वसवलेल्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि त्या वसाहतीतील ह्युंदाई मोटारींच्या कारखान्यामुळे. मे १९९६ मध्ये या कोरियन कंपनीच्या भारतीय शाखेची स्थापना झाली. सप्टेंबर १९९८ मध्ये तिची सँट्रो ही पहिली मोटार तयार झाली आणि जून २०२१ मध्ये येथे बनलेल्या मोटारींची संख्या एक कोटीवर पोहोचली. औद्योगिक विकासाचे गुणगान करणाऱ्या वक्त्याला हे स्थळ सोयीचे आहे. भ्रष्टाचार आणि समृद्धी यांचा संबंध तपासू पाहणाऱ्याला मात्र ते अडचणीत टाकते, आणि याच कारणास्तव या व्याख्यानाचा आरंभ येथून करणे योग्य होईल.

अडचण अशी की, ज्या वर्षी ही कंपनी येथे आली त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात सेऊलच्या न्यायालयाने चुन दू-ह्वान आणि रो ते-वू या दोन माजी राष्ट्राध्यक्षांना बंड आणि लाचखोरी या आरोपांखाली दोषी ठरवले. रो यांनी सुमारे पाचशे अब्ज वॉन एवढा गुप्त निधी जमवल्याचे आदल्या वर्षीच दूरचित्रवाणीवरून कबूल केले होते. या प्रकरणात देशातील काही बड्या उद्योगपतींनाही लाच दिल्याबद्दल शिक्षा झाल्या. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात हाच देश ओईसीडी या संपन्न राष्ट्रांच्या संघटनेचा सदस्य झाला! भ्रष्टाचार असेल तेथे दारिद्र्य असते हे सूत्र जर निरपवाद असेल, तर इरुंगाट्टुकोट्टैचा हा कारखाना कोरियातून येथे कसा आला? खरे तर आपल्या देशाने तेथे कारखाने काढावयास हवे होते.

या कोड्याचे एक सोपे उत्तर १९६० नंतरच्या दशकात काही विद्वानांनी देऊन ठेवले होते. १९६४ साली नॅथॅनिएल लेफ या अर्थशास्त्रज्ञाने आणि १९६८ साली सॅम्युएल हंटिंग्टन या राज्यशास्त्रज्ञाने थोड्याफार फरकाने असे प्रतिपादन केले की, ज्या देशात शासनयंत्रणा अडेल असते तेथे लाच ही वंगणाचे काम करते. गाडीचे चाक कुरकुरत असेल तर दोन थेंब तेल सोडावे, गाडी पुढे जाते. आपल्याकडे ‘चहापाणी’ किंवा ‘फायलीवर वजन ठेवणे’ हे शब्द जे वापरतात, त्यांचा युक्तिवाद याहून निराळा नसतो.

या युक्तिवादातील उणीव भारतातच, आणि तीही आधीच, दाखवली गेली होती. मद्रास प्रांतातून पुढे आलेले स्वातंत्र्यसैनिक आणि संसदपटू के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६४ साली भ्रष्टाचार प्रतिबंधासंबंधीचा आपला अहवाल दिला. केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला तो याच समितीच्या शिफारशीमुळे. काम लवकर व्हावे म्हणून दिल्या जाणाऱ्या पैशाची समितीने दखल घेतली आणि त्याचा परिणामही नोंदवला: असा पैसा मिळू लागला की तो मिळेपर्यंत कागद हलवायचाच नाही, ही सवय कार्यालयांना लागते. १९६८ साली गुन्नार मिर्डाल यांनी आशियाविषयीच्या आपल्या विस्तृत ग्रंथात हाच मुद्दा पुढे नेला. वंगणाची उपमा एका गोष्टीकडे डोळेझाक करते. तेल विकणारा आणि चाक अडवणारा हे दोघे नसून एकच गृहस्थ असतो.

येथून प्रश्नाचे स्वरूप बदलते. लाचेची रक्कम ही समाजाच्या दृष्टीने फार मोठी हानी नव्हे. एकाच्या खिशातील पैसा दुसऱ्याच्या खिशात गेला, एवढेच तिचे स्वरूप राहिले असते तर देशाच्या एकूण संपत्तीत फरक पडला नसता. हानी होते ती अडवणूक हीच मिळकत बनल्यामुळे. टंचाई टिकून राहण्यात ज्याचा लाभ आहे, त्याच्याच हाती ती दूर करण्याचा अधिकार असतो.

महाराष्ट्राला याचा धडा सिमेंटने दिला. १९८० च्या सुमारास सिमेंटचा भाव आणि वाटप ही दोन्ही शासनाच्या नियंत्रणाखाली होती. मागणी अधिक आणि पुरवठा तुटपुंजा असल्यामुळे परवाना हाच जिन्नस मौल्यवान ठरला होता. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना झालेले सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध आहे, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये काढला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. त्यानंतरचा फौजदारी खटला अधिकारक्षेत्राच्या वादात वर्षानुवर्षे रेंगाळला. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उच्च न्यायालयापुढची कार्यवाहीच रद्द ठरवली. न्यायालयीन बाजू अशी धूसर राहिली असली तरी आर्थिक बाजू पुरेशी स्पष्ट आहे. फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः, तर मार्च १९८९ मध्ये पूर्णतः उठले. पुढे भारत जगातील दुसऱ्या क्रमांकाचा सिमेंट उत्पादक झाला. सिमेंटच्या पोत्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या पिढीची हकीकत आजच्या तरुणाला सांगितली, तर त्याला ती कपोलकल्पित वाटते.

अशा अडवणुकीचे मोल किती असावे? अ‍ॅन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९७४ साली याचा एक अंदाज बांधला. परवाने आणि नियंत्रणे यांतून भारतात निर्माण होणारा अनर्जित लाभ १९६४ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के होता, असे त्यांचे गणित आहे. तो लाभ पदरात पाडून घेण्यासाठी जे श्रम, जी बुद्धी आणि जो वेळ खर्ची पडतो, तो उत्पादनाला पारखा होतो, हे त्यांचे खरे म्हणणे. पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबत. परंतु मंजूर क्षमतेपलीकडे उत्पादन वाढवायचे तर कारखानदाराला आधी परवानगी लागे. जुलै १९९१ मध्ये बहुसंख्य उद्योगांवरील परवानापद्धती रद्द झाली, १९९३ साली मोटारींवरील बंधनही गेले, आणि म्हणूनच इरुंगाट्टुकोट्टैत कारखाना उभा राहू शकला.

आता कोरियाच्या कोड्याकडे पुन्हा वळता येईल. पार्क चुंग-ही यांच्या कारकिर्दीत तेथेही कर्जे, परवाने आणि कृपादृष्टी शासनाच्याच हाती होती, आणि तिच्या मोबदल्यात राजकीय निधीही दिला जाई. मात्र ज्याला स्वस्त कर्ज मिळाले त्याने परदेशात माल विकून दाखवावा, अशी अट होती. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून निर्यातीचा आढावा घेणाऱ्या बैठका दरमहा खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत होत. पैसे चारून परवाना मिळवता येई, पण परदेशातील ग्राहकाला पैसे चारून निकृष्ट मोटार गळ्यात मारता येत नसे. आपल्याकडे परवाना मिळाला की बंदिस्त बाजारपेठ मिळे आणि तेथेच प्रवास संपे. कोरियात तो तेथून सुरू होई. भ्रष्टाचार दोन्हीकडे होता, परंतु एकीकडे त्याची कमाई उत्पादनाशी निगडित होती, दुसरीकडे उत्पादन न होण्याशी.

यावरून कोरियाच्या लाचखोरीने त्याचे भले केले असा निष्कर्ष कोणी काढू नये. जानेवारी १९९७ मध्ये तेथील हानबो हा पोलाद उद्योगसमूह कोसळला. त्याला बँकांनी दिलेल्या अवाढव्य कर्जांमागे राजकीय वशिला आणि लाच असल्याचे उघड झाले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांच्या पुत्राला अटक झाली, आणि वर्षाअखेरीस साऱ्या देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. असंख्य कामगार बेकार झाले. सामान्य कुटुंबांनी राष्ट्राच्या तिजोरीसाठी घरातील सोने आणून दिले. कृपादृष्टीने वाटलेल्या कर्जांची फेड अशा रीतीने त्यांच्याकडून झाली, ज्यांना त्यातला एक वॉनही मिळाला नव्हता.

आतापर्यंत बोलणे झाले ते विलंब विकण्याविषयी. परंतु ज्या खिडकीवर विलंब विकला जातो, तेथे काही काळाने खोटा दाखलाही विकला जाऊ लागतो, आणि येथे हानी पैशात मोजता येत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मरियान बर्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत वाहन चालवण्याचा परवाना मागणाऱ्या ८२२ जणांचा मागोवा घेतला. परवाना मिळालेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी चाचणी दिलेलीच नव्हती, आणि स्वतंत्र परीक्षेत ६२ टक्के लोक वाहन चालवण्यास अपात्र ठरले. उलट, ज्यांना वाहन उत्तम चालवता येत होते त्यांनाही दलालाशिवाय गेल्यास नापास केले जाई. एक कोटी मोटारी बनवण्याची क्षमता असलेला देश त्या मोटारी कोणाच्या हाती देतो, हा प्रश्न समृद्धीच्या हिशेबाबाहेरचा नाही.

याहून दुःखद प्रकरण मुंबईचे. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये सर ज. जी. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरॉलच्या जागी डायइथिलीन ग्लायकोल हे विष मिसळलेला औद्योगिक दर्जाचा माल रुग्णालयात पोहोचला होता. चौकशी सोपवली गेली ती सिमेंट प्रकरणाचा निकाल देणाऱ्या न्या. लेंटिन यांच्याकडेच. खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतच्या ज्या साखळीने हा माल थांबवायला हवा होता, तिची दुरवस्था त्यांच्या आयोगाने मांडली. येथे कोणतेही चाक कुरकुरत नव्हते. जे अडवायचे ते मात्र कोणी अडवले नव्हते.

नियंत्रणे उठली, तरी जमीन, बांधकाम, पाणी, पर्यावरण यांच्या परवानग्या राहिल्या, आणि राहणे आवश्यकही आहे. चेन्नईतच त्यांचा अनुभव आला. अमेरिकेच्या रोखे नियामक आयोगाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉग्निझंट कंपनीवर आरोप ठेवला की, चेन्नईतील सुमारे २७ लाख चौरस फुटांच्या संकुलाच्या नियोजन परवान्यासाठी तामिळनाडूतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१४ साली वीस लाख डॉलरची मागणी केली आणि कंपनीने ती रक्कम कंत्राटदारामार्फत देण्यास मान्यता दिली. आरोप मान्य वा अमान्य न करता कंपनीने अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. चेन्नईतील व्यवहाराचा तपशील भारतीय वाचकाला अमेरिकन कागदपत्रांत वाचावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आणि तो झरोकाही नेहमी उघडा राहील असे नाही: २०२५ च्या फेब्रुवारीत तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने परदेशी लाचखोरीविरोधी कायद्याची अंमलबजावणी काही काळ थांबवण्यात आली, आणि एप्रिलमध्ये याच प्रकरणातील दोन माजी अधिकाऱ्यांवरील खटला सरकार पक्षाने मागे घेतला.

वीस लाख डॉलर देऊनही एवढी कंपनी टिकते. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारा, आठ-दहा कामगार आणि दोन यंत्रे बाळगणारा लहान कारखानदार मात्र एका परवानगीसाठी चार महिने थांबला तर बँकेच्या व्याजानेच संपतो. जो कारखाना उघडलाच नाही त्याची नोंद कोणत्याही आकडेवारीत होत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही थेट गुन्हेगार ठरवले. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. त्या सात दिवसांत या कारखानदाराने तक्रार नोंदवावी अशी कायद्याची अपेक्षा आहे, आणि आठव्या दिवशी पुढच्या परवानगीसाठी त्याला त्याच खिडकीपुढे उभे राहायचे असते.