पासबुकातली शिल्लक आणि हातातली शिल्लक

(रौप्यमहोत्सवी वर्षातील सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोठ्या दुरुस्तीचा हिशेब वहीत ठेवायचा, एक्सेलमध्ये की मोबाइलच्या अ‍ॅपवर, यावर दोन शब्द बोला असं चेअरमनसाहेबांनी सांगितलं. आयुष्य बँकेत गेलं, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा.

आपल्या इमारतीला 25 वर्षं झाली. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. आता गच्ची, प्लास्टर, पाइप अशी कामं निघतील. पैसा मात्र टिटवाळा लोकलला लटकून मिळवलेला आहे.

मागची दुरुस्ती आठवा. बँकेत शिल्लक दिसली म्हणून आपण जिन्याचा रंगही करून घेतला. मग कंत्राटदाराचं शेवटचं बिल आलं आणि पैसे कमी पडले. घरटी जादा वर्गणी काढावी लागली. खजिनदारांनी एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता, पण कुजबुज झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या सभेत मी गप्प बसलो होतो.

दोष माणसाचा नव्हता, वहीच्या रकान्यांचा होता. तिच्यात जमा आणि खर्च एवढंच होतं. म्हणून साधन कोणतंही घ्या, तीन रकाने हवेतच: मंजूर रक्कम, दिलेली वर्कऑर्डर आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे. समजा, 20 लाख मंजूर होऊन बँकेत जमा आहेत, वर्कऑर्डर 18 लाखांची आणि दिले 9 लाख. पासबुकात 11 लाख दिसतील, पण त्यातले 9 लाख कंत्राटदाराचे. आपले फक्त 2 लाख. कापलेला पण भरायचा राहिलेला टीडीएस आणि कामाची हमी म्हणून राखलेली रक्कमही अशीच वेगळी दाखवा.

माझं मत एक्सेलला. मासिक बिलं-पावत्यांना अ‍ॅप सोयीचं, पण समिती बदलली की पासवर्ड कुणाकडे, इथपासून सुरुवात होते. एक्सेल किमान दोघांना यायला हवं. दर महिन्याला एक पान छापून, सेक्रेटरी आणि खजिनदारांच्या सहीनं नोटीस बोर्डावर लावा. मूळ बिलं फाइलला, आणि नेहमीची हिशेबाची पुस्तकं चालूच राहतील.

ते खजिनदार आज समोर बसले आहेत. तेव्हा बोललो नाही, म्हणून त्यांची आज सर्वांसमक्ष माफी मागतो. पुढच्या खजिनदारावर ही वेळ येऊ नये.