शून्य तासिका आणि मुलांची झोप

(एलूल महिन्याच्या प्रारंभी, मोत्साए शबातच्या संध्याकाळी हवदालानंतर सिनेगॉगच्या सभागृहात केलेले भाषण)



हवदाला होऊन आता साडेआठ वाजले आहेत. मागच्या बाकांवर जी मुले बसली आहेत, त्यांच्यापैकी कोणी आज बाराच्या आत अंथरुणाला पाठ टेकवील असे मला वाटत नाही. सुट्टी आहे, आज चालेल. परंतु 1 सप्टेंबरनंतर अशाच रात्रीच्या पाठोपाठ रविवारची सकाळ उगवेल आणि सहा वाजता घरोघरी तोच आरडाओरडा सुरू होईल.

माझ्या नातवाचे दहावीचे वेळापत्रक परवा हाती आले. शाळा आठाची, पण आठवड्यातून तीन दिवस 'शआत एफेस', म्हणजे शून्य तासिका, सव्वासातला. त्यासाठी बस पावणेसातची आणि उठणे सहाचे. हा मुलगा साडेअकराच्या आत झोपू शकत नाही. मी म्हणालो, "आम्ही नाही का पहाटे उठत होतो?" त्यावर त्याने मला मिश्ना दाखविली. बराखोतच्या पहिल्याच अध्यायात, सकाळचा शमा कोणत्या वेळेपर्यंत म्हणावा याची चर्चा आहे. रब्बी यहोशुआ तिसऱ्या तासापर्यंत मुभा देतात, कारण राजपुत्रांची उठण्याची रीत तशी आहे. तिसरा तास म्हणजे, दिवस आणि रात्र समान असताना, सकाळचे नऊ. हा उतारा तो जन्मभर विसरणार नाही!

थट्टेचा भाग सोडला तर मुलाची बाजू खरी आहे. वयात येताना शरीरातील घड्याळच पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन लहानपणापेक्षा एक ते दोन तास उशिरा स्रवू लागते. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्काडन यांनी याच विषयाचा अनेक दशके अभ्यास केला. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप हवी, त्याहून लहानांना नऊ ते बारा. साडेअकरा ते सहा म्हणजे साडेसहा तास. उरलेला हिशेब वर्गातल्या बाकावर डोके टेकून पुरा होतो.

हे केवळ परदेशातले ज्ञान नव्हे. तेल अवीव विद्यापीठातील अवी सादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली चौथी आणि सहावीच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना तीन रात्री एक तास अधिक झोपावयास सांगितले, काहींना एक तास कमी. अधिक झोपलेल्या मुलांचे लक्ष आणि स्मरण चाचण्यांत सरस ठरले. पुढे 2011 मध्ये इथल्याच संशोधकांनी आठवीच्या एका वर्गाची शाळा आठवडाभर एक तास उशिरा भरविली. मुले रात्री उशिरापर्यंत जागतील अशी सर्वांची भीती असते. पण ती सरासरी 55 मिनिटे अधिक झोपली आणि लक्ष देण्याच्या चाचणीत त्यांच्या चुका कमी झाल्या. अमेरिकेत सिएटल शहराने 2016 साली माध्यमिक शाळेची घंटा 7:50 वरून 8:45 वर नेली, तेव्हा तिथल्या मुलांची झोप 34 मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात तर जुलै 2022 पासून कायदाच आहे की उच्च माध्यमिक वर्ग साडेआठच्या आधी भरवू नयेत.

मग आपण ठराव करावा आणि घरी जावे, एवढे का हे सोपे आहे? नाही. इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

मी लोदला आलो तेव्हा कारखान्यात सहाची पाळी होती. पत्नी रुग्णालयात, तिची पाळीही पहाटेची. थोरली मुलगी सात वर्षांची. पाच वाजता तिला उठवून, झोपेतच कपडे घालून, मी शेजारच्या आजींच्या दारात सोडीत असे. त्या आजी नसत्या तर आमची चूल पेटली नसती. एके दिवशी शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी वर्गात झोपते, पालकांनी शिस्त लावावी. मी तिला शिस्त लावली. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा पाचलाच उठविले. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे, तीही पाळीत काम करते, आणि तिच्या शेजारच्या घरात आजी नाहीत.

म्हणून घंटा नऊवर न्या, एवढेच म्हणणाऱ्यांचे मला पुरते पटत नाही. घंटा पुढे गेली तरी कारखान्याचा भोंगा पुढे जात नाही. कार्यालयात बसणारा मनुष्य अर्धा तास उशिरा जाऊ शकेल. बसचालक, परिचारिका, सफाई कामगार यांना ती मुभा नाही. आपल्या जमातीत कोणत्या कामाची माणसे अधिक आहेत हे मी सांगावयास नको. आपल्या जुन्या मुलखातही हेच दिसले. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. हेतू उत्तम होता. पण मुंबईत एकाच इमारतीत सकाळची आणि दुपारची अशा दोन शाळा भरतात, हे आपल्यापैकी ज्यांनी तिथे शिक्षण घेतले त्यांना ठाऊक आहे. सकाळची शाळा उशिरा सुटली तर दुपारची कुठे बसणार? शाळांच्या आणि बसवाल्यांच्या अडचणी तत्काळ पुढे आल्या.

माझे म्हणणे असे की दार उघडण्याची वेळ आणि धडा सुरू होण्याची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुपारी आईवडील येईपर्यंत मुलांना सांभाळावयास त्सहरोन आहे, आणि त्याला कोणी नवल मानीत नाही. मग सकाळीच का असू नये? ज्याला साडेसहाला यावे लागते त्याला येऊ द्यावे. त्याने चटईवर पडावे, चित्र काढावे, दूधपाव खावा. गणित मात्र त्या वेळी नको. आणि मोठ्या मुलांची शून्य तासिका तर कोणत्याही आईबापाच्या पाळीसाठी नाही. ती वेळापत्रकात जागा नाही म्हणून पहाटेत ढकललेली आहे. तिला विरोध करण्यात कोणत्याही कामकरी घराचे नुकसान नाही.

आणखी एक बाब आपल्या घरातलीच. शबातला मुलांनी दुपारी झोपावे, रात्री जागावे, आणि रविवारी सहाला उठावे, हे आपण घडवितो. मोत्साए शबातला पाहुण्यांकडे निघण्याची आपली हौस मोठी. दहा वाजता चहा मांडणारी घरे मी मोजून दाखवू शकतो, आणि त्यांत पहिले घर माझे आहे. एलूलमध्ये आपण वडीलधारे सलिहोतसाठी पहाटे उठतो आणि दुपारी बिनदिक्कत ताणून देतो. मुलाला वर्गात ती सवलत नाही.

आता दोन कामे. पहिले, शाळेच्या पालक समितीची सभा शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात असते. शून्य तासिका काढावी किंवा निदान रविवारी तरी ठेवू नये, असा अर्ज मी लिहून आणला आहे. तो दाराजवळच्या टेबलावर आहे. नववी ते बारावीच्या मुलांच्या पालकांनी सही करावी. आजोबांच्या सह्या समिती धरत नाही, हे मी विचारून आलो आहे.

दुसरे, हे सभागृह. शाहरीतनंतर आपण आठ-दहा निवृत्त मंडळी इथे आठपर्यंत चहा पीत बसतोच. गबाईंनी परवानगी दिली आहे की साडेसहापासून आठपर्यंत बाजूची खोली पहिली ते चौथीच्या मुलांसाठी उघडी ठेवावी. शाळा इथून दोन गल्ल्या दूर आहे. आठाला दोघे जण मुलांना पोहोचवून येतील. चटया आहेत. स्त्रियांपैकी तिघींनी होकार दिला आहे, पुरुषांपैकी अजून मी एकटाच. रविवार आणि बुधवार माझे. बाकीच्या दिवसांसाठी नावे हवी आहेत, आणि ती आज हवीत, कारण शाळा सुरू व्हावयास फार दिवस उरलेले नाहीत.