अंबोसेलीतला पहिला दिवस

‘सफारी’ हा शब्द आता आपल्याकडे शिंप्याच्या दुकानापासून मोटारीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो आला पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला, तेव्हा आपल्या ‘सफर’चा तो भाऊच म्हणायचा. अर्थ एवढाच, की प्रवास. शिकार नव्हे. केनियात १९७७ सालापासून शिकारीला बंदीच आहे. म्हणून मुलांना घेऊन तिकडे जाल तेव्हा बंदुकीचे विचार घरीच ठेवा. आणि माझे ऐकाल तर पहिल्या दिवशी सिंहांची मोजदादही करू नका. पाणी कुठे आहे ते बघा. बाकीचे सगळे त्याच्याच मागून येते.

समजा, आईवडील, दोन मुले आणि आजी असे पाच जण तुम्ही नैरोबीत उतरलात आणि दुसऱ्या दिवशी अंबोसेलीला निघालात. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घेतलेली असावी आणि तिचे पिवळे कार्ड जवळ असावे. नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडकून पडाल. नैरोबी महाबळेश्वरापेक्षाही उंचावर आहे, तेव्हा आफ्रिका म्हणून स्वेटर घरी ठेवू नये. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपल्याकडे सहाला उठणारी मुले तिथे साडेतीनलाच टक्क जागी होतात! तर मग लौकर निघावे, हे उत्तम.

मोंबासाच्या सडकेने एमालीपर्यंत जायचे आणि तिथून दक्षिणेकडे वळायचे. या सडकेच्या सोबतीने जुना लोहमार्ग जातो. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा हा मार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून ३०,००० हून अधिक मजूर नेले होते आणि त्यांपैकी सुमारे २,५०० तिथेच मेले. हिंदी मजूर आणि व्यापारी यांचे शब्द मात्र स्वाहिलीत राहिले. गाडीला तिथे ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, आणि चपातीला चपातीच. आजींना एवढे ऐकले की परका मुलुख जरा जवळचा वाटू लागतो.

आणखी एक गंमत. चालकाने स्वाहिलीत ‘फाटक बारा वाजता उघडते’ असे म्हटले तर गोंधळू नका. ते लोक तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि सहा म्हणजे बारा. प्रहर मोजणाऱ्या जुन्या माणसाला हे चटकन उमगेल.

आता प्रत्यक्ष रान. मुलांच्या डोळ्यांपुढे घनदाट जंगल असते आणि समोर दिसते ते पांढुरके, सपाट, धुळीचे माळरान! मुले हिरमुसतात. हा आटलेल्या तळ्याचा तळ आहे. त्यावरून वावटळी उठत असतात. वर्षाचा पाऊस ३५० मिलिमीटरांच्या आतबाहेर. आपल्या माण-खटावच्या शेतकऱ्यालाही हा मुलुख कोरडाच वाटेल. मग इतकी जनावरे इथे जगतात कशी?

याचे उत्तर दक्षिणेला आहे, आणि बहुधा ढगात दडलेले. किलिमांजारो हा ५,८९५ मीटर उंचीचा डोंगर सीमेपलीकडे, टांझानियात येतो. त्याच्या अंगावर पडणारे पाणी ज्वालामुखीच्या सच्छिद्र खडकातून झिरपत झिरपत जमिनीखालून येते आणि अंबोसेलीत झऱ्यांच्या रूपाने वर निघते. त्यातून दलदली झाल्या आहेत, हिरव्यागार, बारमाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी भर उन्हाळ्यात एखादा झरा वाहताना तुम्ही पाहिला असेल. हा त्याचाच थोरला अवतार समजा. गुरुजींनी भूगोलाच्या तासाला सांगावे असे हे उदाहरण आहे.

दुपारी दलदलीच्या काठी गाडी उभी करा आणि इंजिन बंद करा. खाली उतरायचे नाही, तसा नियमच आहे. हत्ती पोटापर्यंत पाण्यात उभे राहून लव्हाळे उपटत असतात. पाठीवर बगळे, अगदी आपल्या म्हशींवर बसतात तेच. कळप माद्यांचा आणि पिलांचा. वयात आलेला नर वेगळा होतो. पुढारीण सर्वांत वयस्क मादी. जुन्या दुष्काळात पाणी कुठे मिळाले होते, ते तिच्या ध्यानात असते. आजींना हे मुद्दाम सांगा! १९७२ पासून सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी इथल्या हत्तींच्या घराण्यांची पिढ्यान्पिढ्यांची नोंद ठेवत आले आहेत.

पण या पाण्यावर हक्क कोणाचा? पूर्वापार मसाई लोक इथे गुरे पाजीत. १९७४ साली ३९२ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि गुरांना आत मज्जाव झाला. बदल्यात बाहेर नळाने पाणी देण्याचे ठरले, ते नीट चालले नाही. चिडलेल्या तरुणांनी रानातली जनावरे भाल्यांनी मारली. जुन्नरकडच्या ज्या शेतकऱ्याची शेळी बिबट्याने नेली आहे, त्याला या चिडीचा अर्थ वेगळा सांगायला नको. २००९ च्या दुष्काळात तर रानातली जनावरे आणि मसाईंची गुरे, दोन्ही हजारोंनी मेली. २००७ पासून काही मसाई तरुण ‘लायन गार्डियन्स’ म्हणून काम करतात. सिंहाचा माग काढून ते गुराख्यांना आधी सूचना देतात. प्रत्येक सिंहाला त्यांनी मसाई नाव दिले आहे. नाव दिलेल्यावर भाला उगारणे जड जाते.

उद्यानाभोवतीची सामाईक कुरणे आता वाटली जात आहेत. गायरानाचे तुकडे झाले की कुंपण येते, हे आपल्याला नवे नाही. तुकड्याचा मालक मसाईच असतो, त्यालाही मुलांच्या शिक्षणाला पैसा हवा. काही ठिकाणी जमीन मोकळी ठेवण्याबद्दल मालकांना भाडे मिळते. तुम्ही उतरला असाल तिथे अवश्य विचारा, की आमच्या पैशांतले काही या लोकांपर्यंत पोहोचते का. मुलांच्या देखत विचारा.

संध्याकाळी सहाला गाड्या फाटकाबाहेर किंवा मुक्कामावर परतल्या पाहिजेत. हत्तींना ही वेळ लागू नाही. अंधार पडू लागला की कळप दलदलीतून निघून एका रांगेत बाहेरच्या झुडपांकडे चालू लागतात, कारण उद्यानाला कुंपण नाही. त्याच सुमारास मसाई पोरे गुरे हाकीत काटेरी वाड्याकडे येत असतात. तिथले आठ म्हणजे आपले साडेदहा. तुमची मुले ताटावरच पेंगू लागतील. त्यांना निजू द्या. किलिमांजारोवरचा ढग बहुधा पहाटेच हटतो, तेव्हा साडेपाचला उठवावे लागेल.